भगवंतरावांची अक्षत आणि पुरुषोत्तमचा कुत्रा

शेषगिरीच्या लग्नात मी कोठीघरात लाडवांवर राखण बसले होते. पोरं आत घुसायची म्हणून दार ओढून घेतलेलं. दार ओढलेलं असलं की बाहेरचं जास्त नीट ऐकू येतं, कारण उघड्या दारापाशी लोक जपून बोलतात.

"माझ्या सासूबाईंपुढं कापलेलं पान? शेंड्याचं नाही?" हा आवाज पुरुषोत्तमचा. शेषगिरीचा चुलतभाऊ, वयानं मोठा.

"शेंडे संपले, अण्णा." हा शेषगिरी. नवरदेव. कपाळावर मुंडावळ्या असणार, कारण बोलताना मध्येच फूं फूं करून त्या तोंडावरून उडवत होता.

"संपले? मग तुझ्या सासऱ्यापुढं काय आहे?"

"ते मुलीकडचे आहेत हो."

"आणि आम्ही कुणीकडचे? रस्त्याकडचे? मग बोलावलंस कशाला?"

"मी कुठं बोलावलं? भगवंतराव आले होते तुमच्याकडं. त्यांना विचारा!"

आमच्या बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत पंगतीला केळीचं पान असतं, आणि पानाचं टोक ज्याच्यापुढं आलं त्याचा मान झाला असं धरतात. एका पानाचे दोन-तीन तुकडे होतात, टोक एकच. त्यामुळं कुठल्याही लग्नात थोडे लोक मानाचे आणि बाकीचे रागावलेले. पण तो राग जेवून झाल्यावर पान उचलतात तसा उचलला जातो. शेषगिरीचं शेवटचं वाक्य मात्र उचलण्यासारखं नव्हतं. बोलावणं आपलं नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याला आगंतुक म्हणणं.

भगवंतराव तेवढ्यात ताकाचं भांडं घेऊन तिथून चालले होते. ते थांबलेसुद्धा नाहीत. "तोंड माझं होतं रे बाबा, बोलावणं तुझं होतं," एवढं म्हणाले आणि पुढं गेले, कारण पंगत ताकभाताला आली होती.

पुरुषोत्तमनं सासूबाईंना भरल्या पानावरून उठवलं. त्यांचा वरणभात कालवून झाला होता बिचाऱ्यांचा. त्यानंतर पस्तीसेक वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. राहतात दोघं मल्लेश्वरमातच, दोन रस्त्यांच्या अंतरानं. कोथिंबीर एकाच दुकानातून घ्यायचे. दुकानदारानं दोघांच्या वेळा वेगळ्या करून दिल्या होत्या.

आता भगवंतराव कोण ते सांगते. गेल्या आषाढात ते गेले, तेव्हा सांगायलाही हरकत नाही. जिवंत असते तर म्हणाले असते, "अक्का, माझ्याबद्दल काय लिहितेस, ऊन फार झालंय का तुला?"

चिकपेटेत लग्नपत्रिकांचं एक दुकान आहे, तिथं ते जन्मभर कामाला होते. गणपती सोनेरी हवा की लाल, कागदाला वास हवा की नको, ही चर्चा गिऱ्हाइकाशी दिवसभर करायची. पत्रिका बांधून देताना हळूच म्हणायचे, "छान आहे. पण हिला तोंड नाही, हे लक्षात ठेवा." मालक वैतागायचा. आपल्याच मालाला नावं ठेवणारा नोकर कुणाला आवडेल?

पण त्यांचं खरंच तसं मत होतं. पत्रिका हा कागद, बोलावणं तोंडानं द्यायचं. दुकान सुटलं की हे आमच्या लोकांच्या घरोघर अक्षत घेऊन जायचे. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाची वास्तुशांत. पांढरं धोतर, पायात कॅनव्हासचे बूट, आणि अंगात बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर, उन्हाळ्यातसुद्धा. हातात चांदीची वाटी, त्यात हळदकुंकू लावलेले तांदूळ. सगळ्या गावाला जेवायला बोलावणारा हा माणूस. त्यांची बायको मथुरा म्हणायची, "आमच्या घरी मात्र यांनी कधी चार माणसं आणली नाहीत. दमून येतात ना!"

या कामाची एक रीत आहे. अक्षतवाला एकटा जात नाही. ज्यांच्याकडचं कार्य, त्यांच्या घरचं एक माणूस बरोबर लागतं. ते माणूस ज्या घराची पायरी चढेल तिथं बोलावणं. अक्षतवाल्यानं आपल्या मनानं कुठं चढायचं नाही, आणि घरचं माणूस चढल्यावर खाली थांबायचं नाही. एवढं सोपं आहे. कुणाला बोलवायचं, कुणाला गाळायचं, हे घरच्या माणसाच्या पायांनी ठरतं. अक्षतवाल्याच्या माथी काही येत नाही.

आणि एकदा दिलेलं बोलावणं परत घेत नाहीत. भगवंतरावांना याचाच काय तो अभिमान होता. पेन्शन नाही, घर भाड्याचं. पण त्यांच्या तोंडून गेलेलं एकही बोलावणं कधी खोटं ठरलं नव्हतं.

अलीकडं त्यांना कुणी फारसं बोलवत नसे. लोक मोबाईलवर पत्रिका टाकतात. तीत नवरानवरी बागेत पळताना दिसतात, मागं गाणं लागतं, आणि तारीख बघेपर्यंत ती नाहीशी होते. मग शेषगिरीच्या रविकिरणचं लग्न ठरलं. मुलगी मनस्विनी, मूळची पुण्याची, तिचे आईवडील इथं बेंगळुरात सर्जापूर रोडला मोठ्या सोसायटीत राहतात. त्यांना सगळं "ट्रॅडिशनल" हवं होतं. शेषगिरी बँकेतून रिटायर झालेला, आमच्या समाजाचा अध्यक्ष, परंपरा जपली पाहिजे यावर वर्षातून दोनदा भाषण करतो. त्यालाही ते पटलं. त्यानं मोबाईलवर सगळ्यांना पत्रिका पाठवली आणि वर शोभेला म्हणून भगवंतरावांना बोलावलं.

शेषगिरी माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा. तो वरच्या मजल्यावर, मी खाली. भगवंतराव अक्षत घ्यायला आले तेव्हा माझी नात अक्षरा सुट्टीला म्हणून माझ्याकडं आलेली होती. तीही सर्जापूर रोडलाच राहते. दहावीत आहे. तिच्या शाळेनं मुलांना डॉक्युमेंटरी करायला सांगितली होती. डॉक्युमेंटरी म्हणजे खरा सिनेमा, असं तिनं मला समजावलं. अट एकच, बघणारी सगळी तेरा ते सतरा वर्षांची पोरं, त्यांना ती आवडली पाहिजे.

"म्हणजे खरं पण आवडलं पाहिजे?" मी विचारलं.

"हो."

"अवघड आहे बाई."

वर्गातल्या मुलांनी कचरा, ट्रॅफिक आणि तलावातला फेस हे विषय आधीच वाटून घेतले होते. अक्षराच्या वाट्याला काही उरलं नव्हतं. तिनं भगवंतरावांना बघितलं, वाटी बघितली, मी दोन वाक्यांत रीत सांगितली. ती ओरडलीच, "ओ माय गॉड, आज्जी! हे तर ह्यूमन नोटिफिकेशन आहेत!"

भगवंतराव मला म्हणाले, "काय म्हणते?"

"कौतुक करतेय," मी म्हटलं. पुढचं मलाही कळलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर सगळे साड्यांत आणि केटररमध्ये बुडालेले. बरोबर कोण जाणार, हा प्रश्न होता. अक्षरा म्हणाली, मी जाते. घरचीच मुलगी, शेषगिरीनं मान डोलावली. तिच्याबरोबर तिचा वर्गमित्र रणवीर आला, कॅमेरा त्याचा. उंच पोरगा, केस डोळ्यांवर. तो जग कसं बघत असेल, असा मला प्रश्न पडायचा. कॅमेऱ्यातून बघत असेल.

रणवीरचं म्हणणं, पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे, नाहीतर पोरं अंगठ्यानं पुढं ढकलतात. माणूस ढकलल्यासारखं? हो, तसंच. म्हणून त्यानं भगवंतरावांना काळा चष्मा घालायला लावला.

"दादाजी, बुरा तो नहीं लगेगा?"

"बुरा कशाला? मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर हेच सांगतायत," असं म्हणून त्यांनी चष्मा घातला आणि मथुराला आरशाऐवजी तोंड दाखवून आले. मग रस्त्यातून सावकाश चालायचं, वळायचं, हसायचं. सावकाश ते आधीच चालायचे. रणवीर म्हणाला, अजून सावकाश. मागून येणाऱ्या ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवून विचारलं, "एनु सार, बॅटरी मुगीता?" म्हणजे बॅटरी संपली का.

पहिलं घर नात्यातलंच. अक्षरा चढली, भगवंतराव चढले, वाटी पुढं केली आणि नेहमीचं बोलले, "शेषगिरीच्या रविकिरणचं लग्न. येत्या सोडून पुढच्या गुरुवारी. सहकुटुंब सहपरिवार यायचं. पाटाखालचं मांजरसुद्धा घरी ठेवायचं नाही." घरवाली "येतो" म्हणाली आणि आत गेली, तिचं दूध गॅसवर होतं.

"कट," रणवीर म्हणाला. "बहुत फास्ट हो गया. दादाजी, वन मोर."

"एकाच घरी दुसऱ्यांदा?" भगवंतराव दचकले. "दोनदा बोलावलं तर त्यांना वाटेल पहिलं मनापासून नव्हतं. ते नाही जमायचं. दुसऱ्या घरी चला."

मुलांना तेच सोपं वाटलं. त्यांच्या हिशेबानं घर म्हणजे मागचा पडदा. हा नाही तर तो. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी काही बिघडलं की पुढचं घर. आणि घर निवडायचं कसं? तर तेरा ते सतरा वर्षांच्या पोरांना काय बघायला आवडेल त्यावरून.

कोपऱ्यावर नोकरीवाल्या मुलींचं पीजी आहे, सत्यवतम्मा चालवतात. गॅलऱ्यांत रंगीत टॉवेल, मुली केस वाळवत उभ्या. रणवीरला ते फार आवडलं. अक्षरा पायरी चढली. भगवंतरावांनी क्षणभर वर टॉवेलांकडं बघितलं, पण घरची मुलगी चढली म्हटल्यावर प्रश्न नव्हता. सहकुटुंब सहपरिवार.

"एल्लारू?" सत्यवतम्मांनी विचारलं. सगळ्या?

"मांजरसुद्धा," भगवंतराव म्हणाले.

संध्याकाळी मुलांनी केलेलं शूटिंग बघितलं. अक्षरा तोंड पाडून बसली. "बोअर होतंय आज्जी. सगळे नुसते 'येतो येतो' म्हणतायत. यात टीनएजर्ससाठी काहीच नाही."

"मग काय पाहिजे?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकदमच म्हणाले, "कुत्रा."

कुत्रा असला की पोरं शेवटपर्यंत बघतात म्हणे. याचा कुणीतरी अभ्यासही केलाय. माझ्या मनात आलं, बिचारे भगवंतराव इतकी वर्षं उगाच माणसांच्या घरी गेले.

चांगला कुत्रा कुठं मिळेल म्हणून रणवीर मल्लेश्वरमात सायकलवरून फिरला आणि त्याला बिस्कीट सापडला. सोनेरी, झुपकेदार, हसरा. निळ्या फाटकाच्या बंगल्यात. अक्षराला ते घर कुणाचं ते माहीत असायचं कारण नाही. ती जन्मायच्या आधीचं भांडण, आणि आमच्या घरात ते नाव कुणी काढत नसे.

ते घर पुरुषोत्तमचं.

पुढचं मला भगवंतरावांनी सांगितलं. फाटकापाशी ते थबकले. अक्षरा पुढं गेली, बिस्कीटाशी लाडानं बोलली आणि पायरी चढली. भगवंतरावांनी खालूनच विचारलं, "चढलीस?"

"चढले की आजोबा. या ना, लाईट जातोय."

त्यांना वाटलं, झालं. घरच्यांनी शेवटी मनावर घेतलं, आणि भांडण माहीत नसलेल्या पोरीला पुढं करून पाठवलं, कुणाचीच मान खाली नको म्हणून. किती शहाणपणानं केलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि चढले.

पुरुषोत्तम बाहेर आला. वाटी बघितली. "कुणाकडून?"

"शेषगिरीकडून. रविकिरणचं लग्न." आणि पुढं मांजरापर्यंतचं नेहमीचं सगळं.

पुरुषोत्तम काही बोलेना. भगवंतरावही बोलेनात. "येतो" ऐकल्याशिवाय ते पायरी उतरायचे नाहीत. दोघं म्हातारे असे एकमेकांपुढं उभे, मध्ये वाटी. इतका वेळ कुणीच काही करत नाही बघून रणवीरनं कॅमेरा बिस्कीटावर नेला. म्हणून पुरुषोत्तमच्या डोळ्यांत पाणी आलं ते सिनेमात नाही. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले, खाली वाकून अक्षत घेतली आणि "येतो" म्हणाला, तेही नाही. सिनेमात बिस्कीट आपलं शेपूट पकडायला बघतोय.

त्या संध्याकाळी अक्षरानं कौतुकानं शूटिंग वरच्या मजल्यावर दाखवलं. शेषगिरी चहा पीत बघत होता. निळं फाटक आलं आणि त्याचा कप बशीत वाजला.

"हे कुणाचं घर?"

"कुत्र्याचं," अक्षरा म्हणाली.

मग काय झालं ते खालच्या मजल्यावर दार न ओढताही ऐकू आलं. भगवंतरावांना बोलावणं गेलं. बिचारे जेवण अर्धवट टाकून आले, त्यांच्याबरोबर मीही वर गेले.

"भगवंतराव, तुम्हाला माहीत नाही? त्या घरी?"

"घरची मुलगी चढली, मी चढलो."

"ती शूटिंग करत होती!"

"ती करत होती. मी बोलावत होतो."

"उद्या जाऊन सांगा, चूक झाली म्हणून. मुलांचं शूटिंग होतं म्हणा, खरं बोलावणं नव्हतं."

 भगवंतराव म्हणाले, "सांगतो. पण मग शेषगिरी, आजवर मी दिलेली सगळीच बोलावणी शूटिंग होती का, असं कुणी विचारलं तर काय सांगू?"

"एवढं काय त्यात! स्वल्प समजून घ्या ना."

"समजून घेतो. पण परत घेणारा मी नाही. जो पायरी चढला त्यानं उतरायचं. मुलीला पाठव."

बोलून ते निघाले. दारात बूट सापडेनात त्यांना, पायातच होते. मी बरोबर खाली आले. म्हणाले, "अक्का, ही शेवटची फेरी माझी. आता गुडघे नाही म्हणतात. पण एक बोलावणं खोटं ठरवून संपवायचं म्हणजे..."   पुरुषोत्तमला नाही म्हटलं की समाजभर होणार, भगवंतरावांच्या अक्षतेला काही अर्थ नसतो.

दुसऱ्या दिवशी अक्षराला मी सगळं भांडण सांगितलं, लाडवांपासून. तिला शेंड्याच्या पानाचं खरं वाटेना. "एका लीफवरून? थर्टी फाइव्ह इयर्स?" पण शेषगिरीकाकांनी सांगितलंय म्हटल्यावर ती निघाली, तोंड एवढंसं करून. मी फाटकापर्यंत गेले, आत गेले नाही. थोड्या वेळानं ती परत आली आणि रस्त्यातच रडायला लागली.

"नाही सांगितलं?"

"कसं सांगू? ते बिस्कीटला आंघोळ घालत होते."

"मग?"

"लग्नाला न्यायचाय म्हणून, आतापासूनच! मांजरसुद्धा घरी ठेवायचं नाही म्हणाले ना भगवंतआजोबा, म्हणून. आणि तिथल्या आजींनी चिकपेटेतून नवीन साडी आणलीय, मला दाखवली. मला विचारलं, शेषगिरीला हा रंग आवडेल का?"

मी पदरानं तिचं नाक पुसलं. पंधरा वर्षांची पोरगी, तिला एवढं जड काम कशाला द्यायचं.

पण घरी आल्यावर ती सरळ वर गेली. मी जिन्यात थांबले. ओढलेलं दार आणि जिना, दोन्हीकडं मला चांगलं ऐकू येतं.

"काका, मी नाही सांगितलं. मी नाही सांगणार."

"मग मी सांगतो," शेषगिरी गरजला.

"सांगा ना. मी येते बरोबर. रणवीरला पण बोलावते."

"त्याला कशाला?"

"शूट करायला. आमच्या फिल्ममध्ये कॉन्फ्लिक्ट नाहीये, मिस म्हणाल्या. टीनएजर्सना फाइट फार आवडते. तुम्ही जाऊन त्यांना म्हणा, येऊ नका म्हणून. कुत्र्याला पण म्हणा. मी टायटल लिहीन, अध्यक्षांनी परंपरा जपली."

 शेषगिरी कुणाला भीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या इन्स्पेक्टरला भ्याला नव्हता. पण तेरा ते सतरा वर्षांची पोरं त्याला अंगठ्यानं पुढं ढकलतील की शेवटपर्यंत बघतील, याची त्याला खात्री नव्हती.

"येऊ दे," तो शेवटी म्हणाला. "पण मी पुढं होऊन 'या' म्हणणार नाही. सांगून ठेवतो."

"सरी," अक्षरा म्हणाली. म्हणजे बरं; हे ती ऑटोवाल्याकडून शिकली.

सुट्टी संपताच, लग्नाआधीच, डॉक्युमेंटरी शाळेत दाखवली गेली. पहिल्या तीन सेकंदांत बिस्कीट होता, सगळ्या हॉलनं "ऑऽऽ" केलं. मग काळ्या चष्म्यातले भगवंतराव सावकाश चालत आले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. परत बिस्कीट. पहिलं बक्षीस मिळालं. सर्टिफिकेटवर लिहिलंय, तरुण मनाला भिडणारी मांडणी. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, कुत्र्याचं नाव काय.

भगवंतरावांना अक्षरानं मोबाईलवर दाखवली. ते मन लावून बघत होते. "कुत्रा चांगला आलाय," म्हणाले. मग जरा वेळानं, "माझं ते 'सहकुटुंब सहपरिवार' कुठं गेलं ग?"

"तिथं म्युझिक आलं, आजोबा."

"असू दे. तेही छान आहे."

लग्नाच्या दिवशी सकाळी मुहूर्त लागला. हॉलमध्ये सर्जापूर रोडकडची मंडळी जरीचे फेटे बांधून, आम्ही सगळे, पहिल्या रांगेत शेषगिरी. पुरुषोत्तम आला नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, तरी नाही. शेषगिरी माझ्या जवळून जाताना म्हणाला, "बघितलंत काकू? मी म्हणत नव्हतो? त्याच्यात कुठं मोठेपण आहे!" म्हणाला खरा, पण सारखा दाराकडं बघत होता.

भगवंतराव भिंतीकडेच्या खुर्चीत होते. चेहऱ्यावर काही नाही. पानं मांडायला सुरुवात झाली तशी ते उठले, धोतर झटकलं, स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"कुठं?" मी विचारलं.

"पानं मांडली ना? मग बोलवायला नको?"

हेही रीतीतलंच. अक्षत हे लग्नाचं बोलावणं. जवळपासच्या मानी माणसांना त्या दिवशी जेवणाच्या वेळी पुन्हा एकदा बोलावतात, पानं मांडली, चला, म्हणून. हल्ली कुणी करत नाही. हॉलमध्ये आलेला माणूस आपण होऊन रांगेत उभा राहतो, जेवायला रांग असते तिथं.

"घरचं माणूस लागेल," ते म्हणाले.

रविकिरण बोहल्यावर, अक्षरा फोटोंत, शेषगिरीला विचारण्यात अर्थ नाही. मी उठले. माझेही गुडघे काही बरे नाहीत, म्हणून ऑटो केली.  ऑटोत भगवंतराव म्हणाले, "चढशील ना, अक्का? तीन पायऱ्या आहेत."

"तुमच्याआधी चढेन."

निळं फाटक उघडंच होतं. मी एका हातानं कठडा धरून चढले. भगवंतराव माझ्या मागून. पुरुषोत्तम आणि त्याची बायको व्हरांड्यात खुर्च्यांवर बसले होते, ती नव्या साडीत, तो पांढऱ्याशुभ्र धोतरात. दोघांच्या पायांत वहाणा होत्या. घराला कुलूप लावून झालेलं. बिस्कीटाच्या गळ्यात लाल रिबीन होती आणि तो कंटाळून झोपला होता. सकाळपासून असेच बसले असावेत.

भगवंतरावांनी हात जोडले. "शेषगिरीकडं पानं मांडलीत. चला."

पुरुषोत्तमनं कुलूप एकदा ओढून बघितलं. "चला," म्हणाला.

ते आमच्याबरोबर येतात की मागून, हे बघायला भगवंतराव थांबले नाहीत. ते कधीच थांबत नसत. तोंडी बोलावलेला माणूस येतोच, मागं वळून बघितलं तर विश्वास नाही असं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. पायऱ्या उतरून ते ऑटोवाल्याला म्हणाले, "स्वल्प पुढं घे. कोपऱ्यावर."

कोपऱ्यावर मी पुन्हा पायरी चढले, पीजीची. सत्यवतम्मांनी दार उघडलं, त्यांच्या मागं जिन्यावर मुलींची गर्दी. भगवंतरावांनी हात जोडले.

"पानं मांडलीत. सगळ्यांनी चला."